शिरोळच्या व्होल्टेजची कॉइल

वृषभने रोहिणीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पाच हॉर्सपॉवरच्या एका मोटरीत कोपरापर्यंत गेलेली होती. बाहेर पाऊस होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाऊस कारखान्यांच्या पत्र्यावर पडतो, त्यामुळे माणसं एकमेकांशी ओरडून बोलतात, आणि ओरडून बोलताना कुणी कुणाच्या प्रेमात पडत नाही असा तिथला आजवरचा अनुभव होता.

तो हौसेनं आलेला नव्हता. शिरोळात त्याच्या वडिलांचं, बाळासोंचं, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. दुकानामागं ऊस, उसाला मोटर, आणि मोटर जळलेली. कोल्हापूरला जातोच आहेस तर ती रिवाइंडिंगला टाक, तार नवी भरून घे, तेवढं तरी कर, असं बाळासो म्हणाले होते. 'तेवढं तरी' या दोन शब्दांत वृषभच्या धंद्याबद्दलचं घराचं मत आलं होतं.

धंदा असा, की वृषभ जुन्या जपानी इलेक्ट्रिक गिटारी शोधायचा, उघडून तपासायचा, त्यांची किंमत ठरवायचा आणि विकायचा. कोल्हापुरातच, कसबा बावड्यात त्यासाठी त्यानं एक खोली घेतली होती. जपानी माल एवढा चांगला असता तर लोकांनी तो विकला कशाला असता, हा बाळासोंचा प्रश्न होता, आणि तीन वर्षांत वृषभला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं. म्हणून मुदत ठरली होती. दिवाळीपर्यंत एक मोठा सौदा झाला तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं दुकानाच्या काउंटरवर बसायचं.

रोहिणी त्या वेळी कॉइलची टोकं पांढऱ्या दोऱ्यानं बांधत होती. दोन वेढे, मग उलटी गाठ, आणि शेपूट डावीकडं, कारण ती डावखुरी होती. तिनं दोरा दातानं तोडला. वृषभ तिच्या बोटांकडं टक लावून बघत राहिला. तिनं ते पाहिलं आणि नेहमीचाच प्रकार असणार असं गृहीत धरलं.

"ही गाठ..." तो ओरडला, "मी बघितलीये."

"कुठं?"

"जपानी गिटारमध्ये."

रोहिणीनं वर पाहिलं. गालावर वार्निशचा ठिपका होता. डिप्लोमाच्या वर्गात मुलींपैकी ती एकटीच होती, त्यामुळे ओळख काढायच्या सगळ्या तऱ्हा तिच्या परिचयाच्या होत्या. ही नव्हती.

"पावणं," ती म्हणाली, "मोटर उतरवून ठेवा आणि घरला जाऊन झोपा."

दुसऱ्या दिवशी तो गिटार घेऊनच आला. रिवाइंडिंगच्या दुकानाच्या दाराशी नेमिनाथ, म्हणजे रोहिणीचे आप्पा, टेबल टाकून बसलेले असत. चाळीस वर्षं मोटरी चालवून बघण्यात त्यांचे कान निम्मे गेले होते. राहिलेले निम्मे ते आपल्या मर्जीनं वापरत. त्यांनी गिटारच्या पिशवीकडं बघून कुठल्या कंपनीचा पंप, असं विचारलं. जपानी, असं वृषभ म्हणाला. आप्पांनी आदरानं आत जाऊ दिलं.

वृषभनं तिला समजावून सांगितलं. गिटारीच्या तारांखाली ज्या दोन डब्या असतात त्यांना पिकअप म्हणतात. आत चुंबक, चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो फेरे. वरची तार थरथरली की ही डबी ते ऐकते आणि पुढं सांगते. जुन्या गिटारीत बऱ्याचदा एखादा पिकअप मेलेला असतो आणि कुणीतरी दुसराच बसवलेला असतो. तसं असलं की किंमत निम्म्यावर येते. म्हणून आधी तारांच्या जोडावरचा डाक बघायचा: जुना डाक राखाडी आणि मंद, नवा चकचकीत. मग स्क्रूच्या खाचा, पाठीवरचा शिक्का, शेवटी मीटर.

"माझ्या गिटारीत शिक्का खरा आहे, डबी खरी आहे. पुढचा पिकअप साडेसात हजार ओहम दाखवतो, कंपनी तेवढेच द्यायची. मागचा पावणेसात दाखवतो. जगात कुणी पावणेसात बांधत नाही. म्हणून डबी उघडली, तर आत ही गाठ."

रोहिणीनं भिंग डोळ्याला लावलं. केसांची एक बट भिंगासमोर आली, तिनं ती फुंकरीनं उडवली, ती परत आली. वृषभ मीटरवरचा आकडा वाचत असल्यासारखं दाखवत होता. मीटर बंद होतं.

"वरातीतल्या बेंजो पार्टीचे मास्तर," ती शेवटी म्हणाली. "पुराच्या वर्षी आलते. वाद्याची पेटी दोन दिवस पाण्यात व्हती म्हणाले, नुसती ही डबी दिली. मला काय ठाऊक गिटार का काय. तार एवढी बारीक आमच्याकडं कुठली, जुन्या वीजमीटरातली काढून घातली."

"आणि फेरे कमी का घातले?"

"गिऱ्हाईक शिरोळचं. तिकडं व्होल्टेज असतंय व्हय? शिरोळची मोटर आली की आम्ही शंभरात दहा फेरे कमीच घालतो. न्हाईतर उचलत न्हाई."

"गिटारला व्होल्टेज लागत नाही," वृषभ म्हणाला.

रोहिणीनं भिंग खाली ठेवलं. तिच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. आजवर तिच्या हातची एकही मोटर परत आली नव्हती, आणि परत आली ती नेमकी गिटार.

"मग तसं मास्तरांनी सांगायचं की."

वृषभ हसला नाही. त्यानं सोबत आणलेल्या छोट्या स्पीकरला गिटार जोडली आणि आधी पुढचा पिकअप वाजवला. आवाज गोल, जाड आणि झोपाळू होता. मग मागचा. त्या पत्र्याखाली, लेथच्या घरघरीतून तो आवाज एखाद्यानं काच पुसावी तसा स्वच्छ निघाला. फेरे कमी झाले की आवाजातलं मळभ जातं, हे वृषभला पुस्तकातून माहीत होतं. पण हा आवाज ज्या बाईनं चुकून बांधला ती समोर बसून ओठ चावते आहे, याला पुस्तकात आधार नव्हता.

"कसं वाटलं?" त्यानं विचारलं.

"बेअरिंग चांगलं हाय," रोहिणी म्हणाली. मग दुसरीकडं बघत, "परत वाजवा."

त्यानंतर वृषभ आठवड्यातून तीनदा येऊ लागला. त्याची मोटर आठ दिवसांत तयार झाली होती, पण नेण्याची घाई दिसली नाही. गप्पा बहुतेक कामाच्या होत. तिनं त्याला कॉइलचा वास ओळखायला शिकवला, म्हणजे जळकी कोणती आणि नुसती तापलेली कोणती. त्यानं तिला गिटारीवर तीन स्वर शिकवले. ते डाव्या हातानं उलटे वाजवायला ती स्वतःच शिकली. तुमच्या धंद्यात खोटं फार चालतं का, असं तिनं एकदा विचारलं. तपासणाऱ्याच्या सहीवर सगळं चालतं, असं तो म्हणाला. मग तुमची सही सांभाळा, असं ती म्हणाली आणि डब्यातली शेंगदाण्याची चिक्की त्याच्यापुढं सरकवली. बाळासोंना मात्र तो, रिवाइंडिंगवाल्यांकडं फार गर्दी आहे, असं कळवत असे.

दसऱ्याच्या सुमारास मोठा सौदा आला. बंगळूरच्या एका संग्राहकाला तीच गिटार हवी होती, पूर्ण किमतीला, ताबडतोब. अट एकच. दोन्ही पिकअप मूळचे आहेत, असं तपासणाऱ्यानं लिहून द्यायचं.

वृषभ त्या दुपारी दुकानात आला तेव्हा त्याच्या हातात उघडलेली डबी होती. डबी मूळचीच आहे, असं तो म्हणाला. शिक्काही. मीटरचा आकडा थोडा कमी-जास्त असतो म्हणता येईल, आत कोण बघतं... आणि कुणी बघितलंच, तर ही एक गाठ तेवढी वेगळी आहे. ती काढून साधी बांधली तर... दिवाळीची मुदत तिला माहीत होतीच.

रोहिणीनं डबी हातात घेतली. दोऱ्यावर बोट फिरवलं. मग टेबलावरची कात्री उचलली आणि दांड्याकडून त्याच्यापुढं धरली.

"कापा."

"तू... तुम्ही काढाल असं वाटलं."

"मी बांधलीय. मी न्हाई काढायची. माझं काम न्हाई असं तुम्हाला लिहायचं असंल, तर तुम्ही कापा."

तिचा आवाज चढला नव्हता. वृषभनं कात्री घेतली. शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी ग्राइंडर लावला, तो थांबेपर्यंत दोघं तसेच उभे होते. मग त्यानं कात्री जागेवर ठेवली, डबी खिशात घातली आणि निघून गेला. चहा न घेता गेला, याची नोंद आप्पांनी घेतली.

चार दिवस तो फिरकला नाही. रोहिणीनं त्या चार दिवसांत अकरा मोटरी बांधल्या आणि एकीचे फेरे चुकवले. पाचव्या दिवशी तो छापलेला एक कागद घेऊन आला. तुमचं आडनाव कसं लिहिता ते तपासा, एवढंच म्हणाला आणि उगीचच एका पंख्याकडं बघत उभा राहिला.

कागद किंमत ठरवल्याचा दाखला होता. पुढचा पिकअप: मूळचा. मागचा पिकअप: डबी मूळची, आतली कॉइल बदललेली. बांधणी: रोहिणी नेमिनाथ चौगुले, उद्यमनगर, कोल्हापूर. ओळख: डाव्या हाताची गाठ. त्याखाली शेरा होता. 'बाजाराच्या हिशेबानं या बदलामुळं किंमत निम्मी होते. तपासणाऱ्याच्या मते दोन्हींपैकी हाच पिकअप चांगला आहे. तपासणाऱ्यानं तो पुष्कळदा ऐकला आहे.'

रोहिणीनं कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा ती शेऱ्यापाशी थांबली. मग हात पुसून त्याची घडी घातली आणि डब्यात, चिक्कीच्या खाली ठेवली.

"आडनाव बरोबर हाय," ती म्हणाली.

संग्राहकानं सभ्य शब्दांत नकार कळवला. दिवाळी आली. पाडव्याला वृषभ शिरोळात काउंटरवर बसला. बावड्याची खोली सुटली, गिटार त्याच्यापाशी राहिली. नटबोल्ट तो इतके नीट ओळखू लागला की बाळासोंना तीन वर्षं वाया गेल्याचं दुःख नव्यानं झालं.

त्या हिवाळ्यात शिरोळच्या मोटरी जळण्याचं प्रमाण विलक्षण वाढलं. काउंटरवरचं पोरगं आपणहोऊन कोल्हापूरला नेऊन बांधून आणतं म्हटल्यावर शेतकरीही मोटर द्यायला मागंपुढं बघेनात. वृषभ दर दोन दिवसांनी टेंपोत एक मोटर घालून उद्यमनगरात हजर. आप्पा एकदा रोहिणीला म्हणाले, या पोराच्या गावात काय वीज येती का वणवा.

डिसेंबरच्या एका संध्याकाळी रोहिणीनं त्याची मोटर उघडली. वास घेतला. मीटर लावलं. मग आत बोट घालून कॉइलची टोकं बघितली. पांढरा दोरा, दोन वेढे, उलटी गाठ, शेपूट डावीकडं.

"ही जळलेली न्हाई."

"माहीत आहे," वृषभ म्हणाला.

"ही मीच बांधलीय. पावसाळ्यात. तुमच्याच घरची."

"तेही माहीत आहे."

"मग आणली कशाला? चाळीस किलो वजन हाय."

वृषभनं टेंपोत बसल्या बसल्या तीन वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. पाऊस नव्हता, लेथ बंद होतं, उद्यमनगर इतकं शांत होतं की हळू बोलण्याखेरीज इलाज नव्हता.

"दुसरी मिळाली नाही," तो म्हणाला. "आणि यायचं तर होतं... गावातल्या चांगल्या मोटरीसुद्धा संपत आल्यात, रोहिणी. असं किती दिवस यायचं? मला मोटर न आणता यायचंय. रोज."

रोहिणी कापसाच्या बोळ्यानं एकेक बोट पुसत राहिली. दहाही बोटं पुसून झाली तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या पुन्हा तांबड्या झाल्या होत्या, आणि या वेळी चूक कुणाचीच नव्हती.

तिनं दाराकडं पाहिलं. समोरच्या फौंड्रीच्या धुराड्यावर उन्हाची शेवटची पट्टी उरली होती. आप्पा टेबल आवरत होते.

"आप्पा दिवस मावळायच्या आत जेवतात," ती म्हणाली. "जेवले की थेट अंथरुणावर. मग त्यांना काय विचारायचं ते उद्यावर जातं."

"म्हणजे..."

"म्हणजे पंधरा मिनटं हाईत. जरा मोठ्यानं बोला, डाव्या कानात." तिनं त्याची मोटर बंद केली, चारही बोल्ट आवळले आणि प्रथमच त्याच्याकडं सरळ बघितलं. "का उद्यासाठी दुसरी मोटर हाय?"

नव्हती. वृषभ आप्पांच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला.