दर शुक्रवारचे आकडे

"फुंका... अजून जोरात! आज उपाशी आलात की काय?"

मी जीव खाऊन नळीत फुंकलं. आरोग्य केंद्राच्या बाकावर मी नुसती वाट बघत बसले होते, तर या उंच तंत्रज्ञाने मला पेशंट समजून थेट यंत्रासमोर बसवलं होतं.

"छाती ठणठणीत आहे," कागदावर लिहीत तो म्हणाला. "मग आलात कशाला?"

"रुजू व्हायला. मी इथली नवी संशोधक."

त्याचं पेन थबकलं. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. मला हसू आवरेना.

सहा वर्षं मी विश्वाच्या जन्माची समीकरणं मांडत होते – फळ्याकडे तोंड करून, एकटीच. मग मावशी गेली. जन्मभर चुलीच्या धुरात बसलेली मावशी शेवटी श्वासाश्वासाला झगडली. त्यानंतर खडू हातात धरवेना.

"अख्खं विश्व सोडून लोकांचा खोकला मोजणार?" आईने कपाळाला हात लावला होता.

तो तंत्रज्ञ मला 'ताऱ्यांच्या बाई' म्हणायचा. घरोघरी जाऊन तो लोकांना फुंकायला लावायचा, चुलीच्या धुराने श्वास किती घटतो त्याचे आकडे मी मांडायचे. एकदा एक आकडा काही केल्या बसेना. स्वयंपाकघराला खिडकी नाही, तरी तिथल्या बाईंचा श्वास एकदम मोकळा!

"यंत्राची चूक असणार. खोडते मी."

"खोडू नका. चला माझ्याबरोबर."

त्या बाईंनी सासूशी वर्षभर भांडून चूल अंगणात नेली होती. "आता जिना चढताना गाणं म्हणते मी," त्या हसून म्हणाल्या. माझ्या पेनाच्या एका रेघेने ही बाई पुसली गेली असती... परतताना माझे डोळे भरून आले.

"रडताय?"

"धूर गेला डोळ्यांत."

"चूल तर विझलेली होती," तो हळूच म्हणाला, आणि उरलेली वाट माझ्या चालीने चालला.

त्या एका घरामुळे चूल बाहेर नेल्याने काय फरक पडतो, हा नवा अभ्यास मंजूर झाला. दूर डोंगरातल्या वस्त्या, दोन वर्षं. तिथे कोणाला पाठवायचं, हे मला विचारलं गेलं. दोन दिवस कागद टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी मी त्याचंच नाव लिहिलं.

"मला घालवायची एवढी घाई?" बसपाशी त्याने विचारलं.

"तुमच्याइतकं नीट कोणी मोजत नाही."

"एवढंच?"

मी त्याच्या बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. बस निघून गेली.

आता दर शुक्रवारी दुपारी त्याचा फोन येतो. तो आकडे सांगतो, मी लिहून घेते. सुरुवातीला दहा मिनिटांत आटपायचं. हल्ली आकडे संपतात, फोन मात्र...

"संपले आकडे," परवा तो म्हणाला.

"मग ठेवा फोन."

"तुम्ही ठेवा ना."

कोणीच ठेवला नाही. पलीकडे वारा घोंघावत होता. अजून चौदा महिने जायचे होते.

"तुमच्याशिवाय करमत नाही मला," मी एका दमात बोलून टाकलं. "त्या दिवशी बसपाशीच सांगायचं होतं."

मग अगदी हळू आवाज आला –

"नीट ऐकू आलं नाही... पुन्हा सांगता?"

फोन चांगला स्पष्ट होता. मी पुन्हा सांगितलं.