परतीचा कागद

"माझ्या भावाला जाऊन पावणेदोन वर्षं झाली," समोर बसलेली बाई म्हणाली. "आणि त्याचं परतीचं विमान सतराव्यांदा ठरलंय."

भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला. चाळीस वर्षं ते औषधाच्या दुकानात कंपाउंडर होते. मेलेल्या माणसाचे नातेवाईक उरलेल्या गोळ्या परत आणतात, एवढाच त्यांचा आजवर परलोकाशी संबंध आला होता.

वहिनींनी कप ठेवला नाही. विमानतळावरच्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीमागे अठ्ठावीस वर्षं काढल्यावर माणसाला नवल वाटायचं बंद होतं. निवृत्तीनंतर त्या खासगी तपासाची कामं घेऊ लागल्या, आणि धाकटे दीर या नात्याने भाऊजी त्यांची पिशवी धरू लागले.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

बाई परदेशात राहत होती. तिचा धाकटा भाऊ अडीच वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका देशात कामाला गेला, एकेरी तिकीट काढून. आठ-नऊ महिन्यांनी तिकडे बोट उलटली. अकरा जण सापडले, तो सापडला नाही. इथला फोन तो जाताना विमानतळावर आईच्या हाती देऊन गेला होता. परत आला की लागेल म्हणून आईने नंबर चालू ठेवला, फोन मात्र बंद करून खणात टाकला होता. बातमी आली त्या दिवशी तिने तो बाहेर काढला आणि चार्ज केला.

"पंधरा दिवसांत पहिला मेसेज आला. विमान कंपनीचा. 'प्रिय प्रवासी, आपले आरक्षण पक्के.' तो होता त्या शहरातून इथे. तारीख, वेळ, क्रमांक."

"नाव?"

"नसतं. दोन दिवसांनी दुसरा मेसेज येतो, आरक्षण रद्द म्हणून. तरी आई त्या तारखेला विमानतळावर जाऊन उभी राहते. येत्या गुरुवारी आम्ही दोघी निघतोय. घराचा सौदा झालाय, माझी रजा संपलीय. आई म्हणते, तो यायचाय, मी हलणार नाही. तिचं हृदय एकदा दगा देऊन बसलंय हो. एकटी टाकून जाऊ कशी?"

वहिनींनी उरलेला चहा एका घोटात संपवला. काम घेतल्याची त्यांची ती खूण होती.

*

त्या बाईंच्या आई शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणे. फोन खिडकीत, चार्जरला लावलेला. शेजारी काठी.

"रद्द करतो हे खरं," त्या म्हणाल्या, "पण ती त्याची जुनीच खोड. सहलीला येत नाही म्हणायचा आणि बसमध्ये सगळ्यात आधी जाऊन बसायचा."

भाऊजी मेसेज मोठ्याने वाचू लागले, वहिनी वहीत उतरवू लागल्या. पहिल्या नऊ आरक्षणांच्या वेळा कशाही होत्या. कधी दुपारी चार, कधी संध्याकाळी, एकदा तर पहाटे तीन. दहाव्यापासून सतराव्यापर्यंत मात्र एकच: रविवार, सकाळी दहा दहा.

"ही काठी कधीपासून?"

"त्या पहाटे तीनच्या खेपेला घसरले. तिथल्याच एका मुलीने उचलून रिक्षात बसवलं."

"ते कितवं आरक्षण होतं?"

"नववं," मास्तरीणबाई म्हणाल्या. आकड्यात त्या चुकणाऱ्यातल्या नव्हत्या.

"आणि तो गेला त्या दिवशी काही वेगळं घडलं होतं?"

"काउंटरवर अडवलं ना त्याला! एकेरी तिकीट आहे, तिथून परत निघणार याचा पुरावा दाखव म्हणाले. मी काचेपलीकडे. तो फोनवर फोन करतोय. अर्ध्या तासाने कुठूनसा कागद आला आणि गेला एकदाचा."

'माणूस पोचला की नाही याची चिंता घरच्यांना,' भाऊजींच्या मनात आलं, 'आणि तो निघणार की नाही याची साऱ्या जगाला.'

*

खालच्या खोलीत भाडेकरू होते. छापखान्यात मुद्रितं तपासून डोळे गेलेले, कान मात्र शाबूत.

"घर विकलं तर मी कुठं जाऊ? तेव्हा संशय माझ्यावर घ्या, हरकत नाही," ते म्हणाले. "पण तो येतो. शनिवारी रात्री त्याच्या खोलीत चालतो. दोन पावलं आणि एक ठोका. दोन पावलं आणि एक ठोका. वर्षभर ऐकतोय."

"त्याआधी?"

"त्याआधी नाही."

भाऊजींनी वर छताकडे पाहिलं. भाडेकरूंच्या टेबलावर त्यांना एक बटणांचा फोन दिसला, तोही भिंगाखाली ठेवलेला. या माणसाच्या हातून विमानाचं आरक्षण होणं म्हणजे भाऊजींच्या हातून विमान उडण्यापैकी होतं.

*

मुलाचं तिकीट जिथून काढलं ते ऑफिस एका जिन्याखाली होतं. भिंतीवर बर्फाचा डोंगर, खाली टेबल. टेबलामागे मालक आणि संगणकावर एक तिशीतली ताई. तिच्या कानातले सोन्याचे डूल टाइप करताना हलत होते. समोर एक वेल्डर बसला होता.

"एका बाईंना विमानाच्या मेसेजांचा त्रास होतोय," वहिनी म्हणाल्या. "इथून काही जातं का?"

"छे हो! मेसेज कंपनी पाठवते. आम्ही फक्त कागद करतो."

"कसला कागद?"

मालक खुलले. "परतीचा! एकेरी तिकिटावर जाणाऱ्याला काउंटरवर अडवतात. मग आम्ही परतीचं आरक्षण धरून ठेवतो. पैसे भरले नाहीत तर दोन दिवसांत आपोआप मरतं. तोवर माणूस पोचलेला असतो!"

"म्हणजे खोटं."

"खोटं नाही, तात्पुरतं! ही युक्ती आमच्या ताईची बरं का. एक पोरगा काउंटरवर अडकला होता, तिकडून फोन. हिने अर्ध्या तासात कागद केला. तेव्हापासून तोच नमुना. नाव बदला, तारीख बदला, झालं! शिवाय प्रत्येकाला कागद द्यायला ही जातीने विमानतळावर जाते."

प्रिंटरने कागद बाहेर टाकला. वेल्डरने तो उलटसुलट करून पाहिला. "रविवारी, दहा दहाला? अहो, मला कुठं परत यायचंय! दोन वर्षांचं काम आहे."

"ते तुम्हाला माहीत. कागदाला कशाला सांगता?" मालक म्हणाले.

वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा.

निघताना ताई जिन्यापर्यंत आली. हळूच म्हणाली, "त्यांच्या पायाची सूज उतरली का?"

"उतरली, पण काठी सुटली नाही," भाऊजींनी मनापासून सांगितलं. सौजन्यात ते कधी मागे नसत.

*

मास्तरीणबाईंच्या घरी आले तर लेक दारातच रडत होती. आत मास्तरीणबाई इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या. डोळ्यांत चमक अशी, की भाऊजींना बघवेना.

"अठरावं," त्या म्हणाल्या. "गुरुवारी मी येणार नाही."

"मेसेज किती वाजता आला?" वहिनींनी विचारलं.

"पावणेबाराला."

*

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, वहिनींनी सगळ्यांना त्या खोलीत बसवलं. लेक, भाडेकरू, मालक, ताई. मास्तरीणबाई खिडकीशी, फोनजवळ.

"आधी पावलं," वहिनी म्हणाल्या. "दोन पावलं, एक ठोका. पाय मुरगळण्याआधी ती नव्हती. रविवारी मुलगा यायचा, म्हणून शनिवारी त्याची खोली आवरणारी आई आणि तिची काठी. भुताला काठी लागत नाही."

भाडेकरूंनी मान खाली घातली. मास्तरीणबाईंनी काठी पदराआड सारली.

"आता मेसेज. त्यांत नाव नाही. फोन त्याचा, म्हणून आपण मानलं की प्रवासीही तोच. पण हा नंबर आला कुठून? काउंटरवर अडकलेला पहिला पोरगा तुमचाच, बाई. त्याच्यासाठी केलेलं आरक्षण हा ऑफिसचा नमुना झाला. नाव बदलायचं, तारीख बदलायची. नंबर कुणी बदललाच नाही. काल पावणेबाराला वेल्डरचा कागद निघाला, रविवार, दहा दहा. पावणेबारालाच इथे फोन वाजला. हे मेसेज तो जिवंत असतानाही येत होते. खणातला बंद फोन ऐकणार कसा?"

"अरे देवा," मालक म्हणाले. "म्हणजे नुसती चूक!"

"नवव्या आरक्षणापर्यंत चूक. पुढे नाही. नऊ वेळा तारीख-वेळ हाताला येईल ती. बाई पहाटे पडल्या आणि त्यानंतर प्रत्येक गवंडी, प्लंबर, वेल्डर रविवारी सकाळीच परतायला लागला. भर उजेडात. बस चालू असते तेव्हा. कुणाला तरी या बाईंच्या पायाची काळजी होती. काल मी ऑफिसात कुठल्या बाई, काय दुखणं, काही सांगितलं नव्हतं. तरी जिन्यात प्रश्न आला, सूज उतरली का."

भाऊजींना आपलं उत्तर आठवलं आणि कानाची पाळी गरम झाली.

ताई उभी राहिली. "प्लंबरला कागद द्यायला गेले होते. या धावत आल्या आणि पडल्या. उचललं तर पायाकडे बघायचं सोडून फोन दाखवून विचारतात, हे विमान उतरलं का? मेसेजवर आरक्षणाचा क्रमांक मीच काढलेला. एका सुताराचा." ती मालकांकडे वळली. "दुसऱ्या दिवशी नंबर काढून टाकायला बसले. हात होईना. वाटलं, मी पुसला की तो त्यांच्यापुरता मेला. म्हणून फक्त वेळ बदलली."

"दोन दिवसांचं खरं," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "पोरी, त्यावर माणूस वर्षभर जगवलास. आता तो घरातून निघेना."

मास्तरीणबाईंनी फोनवर हात ठेवला. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी फोनवर तो तुझ्याशी बोलला?"

"हो."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ताई, लवकर करा. आई काचेपलीकडे उभी आहे, तिचे पाय दुखत असतील."

मास्तरीणबाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या वर्गावर उभ्या राहिल्यासारख्या सरळ बसल्या होत्या.

"माझंही तिकीट एकेरीच आहे," त्या म्हणाल्या. "मला अडवतील ना? कर माझाही कागद. नंबर तोच राहू दे. आणि अहो खालचे, तुमची खोली तुमचीच राहील असं सौद्यात लिहून घेतलंय मी. वर्षभर नुसते ठोके ऐकत बसलात, एकदा विचारायचं तरी!"

ताईने तिथेच आपल्या फोनवर आरक्षण केलं. क्षणभराने खिडकीतला फोन वाजला. का वाजला हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी प्रत्येकाने दाराकडे पाहिलं.

*

गुरुवारी काउंटरवरच्या माणसाने विचारलंच, "एकेरी? परत कधी निघणार?" मास्तरीणबाईंनी कागद पुढे केला. त्याने कागदाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलंच नाही, आणि शिक्का मारला.

आत जाण्यापूर्वी त्यांनी मुलाचा फोन भाऊजींच्या हातात ठेवला. "उद्या-परवा माझं आरक्षण रद्द झाल्याचा मेसेज येईल. आला की बंद करून टाका. तोवर तेवढा चार्ज ठेवा."

काचेअलीकडे ताई उभी होती. डोकं बांधून आल्यासारखा पदर कानांवरून घट्ट ओढलेला. काच ओलांडून दिसेनाशा होईपर्यंत ती हात हलवत राहिली.

शनिवार गेला. रविवार गेला. सोमवारी भाऊजी फोन घेऊन वहिनींकडे आले. चेहरा पांढरा.

"वहिनी, आला नाही हो. एकदाही रद्द झाल्याशिवाय राहिलं नव्हतं. हे काय आहे?"

वहिनींनी दोन कप चहा गाळला. "विमानतळावर पोरीचा पदर वाऱ्याने सरकला होता. तिचे कान बघितलेत?"

"नाही. का?"

"रिकामे होते. डूल नव्हते."

भाऊजी पुड्या बांधण्याच्या गतीने विचार करत राहिले. मग हळूहळू खुर्चीत बसले. मेसेज उघडून त्यांनी पुन्हा वाचला. सहा महिन्यांनंतरची तारीख होती. रविवार, सकाळी दहा दहा.

"त्या दिवशी काही ठरवू नका, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "काचेपाशी उभं राहायचंय."

भाऊजींनी उठून आधी चार्जर शोधला.