मेसोंनी सांगून टाकलेला शेवट

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाचे पाय धरणार नाही. पण ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते हिरण्मय सान्याल माझे मेसो, म्हणजे मावशीचे यजमान. कादंबरीकार माणूस, थापा मारायच्या त्या कागदावर मारतो. घरी कधीच नाही.

कलकत्त्यात कॉलेज स्ट्रीटमागची गल्ली. जुलैतला गुरुवार. आणि रात्र नव्हती, भर दुपार होती.

पूजा अंकाची, म्हणजे तिकडच्या दिवाळी अंकाची, कादंबरी मेसोंनी नेहमीसारखी लांबणीवर टाकली होती. त्यावर संपादक बादलदांचा एकच इलाज. कचेरीच्या माळ्यावरच्या खोलीत लेखकाला बसवायचं, फोन काढून घ्यायचा आणि बाहेरून कुलूप. शेवटचं पान हातात पडलं की सुटका. मेसो दरवर्षी हसत आत जायचे.

त्या दिवशी मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. लेक झिनुक संध्याकाळच्या विमानाने कायमची कॅनडाला चालली होती. तिच्या लग्नावरून बापलेकीत दोन वर्षं धड बोलणं नव्हतं. विमानतळावर तिची माफी मागायची, हे मेसोंनी ठरवलं होतं.

"तीनला सोड रे बादल."

"तुमचे तीन मला ठाऊक आहेत, हिरण्मयदा. गेल्या वर्षीचे अजून वाजायचेत."

दीड वाजता एकच पान उरलं. शेवट डोक्यात तयार होता.

तेवढ्यात फळीच्या भिंतीपलीकडे... खुर्ची सरकली.

"दादा, संपत आलं वाटतं?"

हंगामात दोन-तीन लेखक कोंडलेले असतातच. मेसोंना बरंच वाटलं.

"एकच पान राहिलंय. तुमचं?"

"माझं काय... किती वर्षं बसलोय. शेवटच सुचत नाही."

मेसो खो खो हसले.

"तुमचा कसा होतो हो शेवट?"

लिहिण्याआधी शेवट कुणाला सांगू नये, असं मेसो नवशिक्यांना बजावत आलेले. पण कौतुकाने विचारलं की लेखक पाघळतोच. त्यांनी सगळा शेवट सांगून टाकला, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत.



पलीकडे टाक कुरकुरू लागला... भरभर.

मेसोंनी पेन उचललं.

काहीच आठवेना.

नायिकेचं नावसुद्धा मागची पानं चाळून शोधावं लागलं.

"अहो, मघाशी मी काय सांगितलं तुम्हाला?"

नुसती कुरकुर. मग तीही थांबली.

कुलूप निघाल्याचा आवाज आला... मेसोंच्याच दाराचं. दार मात्र उघडलं नाही.

पावलं जिना उतरून गेली. खालून बादलदांचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"वा हिरण्मयदा, तीनच्या आत शेवटचं पान! हा घ्या फोन. पळा आता, झिनुक वाट बघत असेल."

मेसोंनी दारावर धडका दिल्या. घसा बसेपर्यंत ओरडले. खाली चहा मागवला, फुटबॉलवरून वाद झाला, त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांचं कुणालाच ऐकू जात नव्हतं. चार वाजले, पाच वाजले. विमानाची वेळ टळली तेव्हा ते जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडले.

साडेसहाला बादलदा पंखा बंद करायला वर आले.

"तुम्ही? कुलूप तर मीच पुन्हा लावलं होतं... आत कसे आलात?"

"शेजारी कोण बसतं?"

"तिथे कोण बसणार?"

दोघांनी जाऊन ती खोली उघडली. न विकलेली पुस्तकं, छतापर्यंत. माणूस उभा राहील एवढीसुद्धा जागा नव्हती.

अंक निघाला. शेवट वाचून वाचकांनी ढीगभर पत्रं पाठवली. मेसोंनी तो अजून वाचलेला नाही.

मावशी सांगते, विमानतळावर ते आले होते. झिनुकला बाजूला नेऊन तिच्याशी बराच वेळ बोलले. काय बोलले ते मावशीला ऐकू आलं नाही. नंतर "तू हो पुढे" तिला म्हणाले आणि गर्दीत गेले.

झिनुक दर रविवारी फोन करते. परवा मी मेसोंशेजारीच बसले होते, फोन स्पीकरवर होता.

"बाबा, त्या दिवशी बोललास ना, त्याच्या जोरावर मी इथे राहतेय. पुन्हा एकदा म्हण ना."

मेसोंनी डोळे मिटले. मनात साठलेलं सगळं बोलले. चुकलो म्हणाले, माफ कर म्हणाले, बोलता बोलता आवाज फाटला.



"हे नको रे बाबा," ती म्हणाली. "त्या दिवशी बोललास, तसं बोल."