पाहुण्याने चहा घेतला नाही

अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या कॅफेत चालू प्लग एकच, आणि त्याच्यावर शेखरची मालकी. आचलचा मोबाइल बंद पडला, तशी तिने सरळ त्याच्या लॅपटॉपची वायर उपटली.

"ओ मॅडम! कोड लिहून राहिलो ना मी!"

"मंग वहीत लिहा थोडा वेळ."

ओळख झाली ती अशी, भांडणातून! या सॉफ्टवेअरवाल्याच्या तऱ्हाही एकेक. कॉफी काळी, बिनसाखरेची. कोड अडला की दुसरा कप, सुटला की त्या आनंदात तिसरा. चहाचा मात्र वासही नको, पोटात ढवळायचं.

"चहा पेणाऱ्या पोरीशी जमंल का तुमचं?" तिने एकदा विचारलं.

"पोरगी पाहून ठरवू..." तो म्हणाला, आणि आचलचे कान तापले.

पण दर्यापूरला तिचे बाबा, जानराव, म्हणजे जमदग्नीचा अवतार. प्रेमबिम कळलं असतं तर तिची अकोल्याची नोकरी त्याच दिवशी बंद. म्हणून तिच्या मामाला मध्ये घालून दोघांनी रीतसर पाहण्याचा कार्यक्रम ठरवला — अनोळखी असल्यासारखा! सगळं घोकून घेतलं. आईने चहाचा ट्रे हातात दिला तेव्हा मात्र आचल दारातच थबकली. याचा विचारच राहिला होता.

शेखरने कप उचलला, नाकाजवळ नेला... आणि खाली ठेवला. पाहुण्याने चहा घेतला नाही म्हणजे पोरगी नापसंत, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चहावर साय धरली. मामा उगाच खाकरले.

"घ्या ना जी," जानराव म्हणाले.

शेखरने पुन्हा कप उचलला. चेहरा पांढराफटक. घोट घेतला तर इथेच ओकारी, नाही घेतला तर सगळंच संपलं!

जानराव उठले. "समजलं. पसंत नसंल तं—"

"बाबा!" आचलने शेखरच्या हातातला कप घेतला आणि उभ्याउभ्या पिऊन टाकला. "ते चहा पेत नाहीत. मले माहीत हाय..."

"तुले कसं माहीत?"

"वर्ष झालं, भेटतो आमी. मले हेच पायजेत, बाबा."

शेखर उभा राहिला. "लपवलं ते चुकलंच, काका. पण आचलशिवाय मले कोणी नको."

लेक आता मान खाली घालेल म्हणून जानराव वाट पाहत राहिले. तिने घातली नाही.

"मंग उभी काहून हायेस?" ते गुरकावले. "बस त्याच्या बाजूले."