वखारीतली हाक

सांगतो, पण मध्येच ‘छे, असं कुठं असतं का’ म्हणायचं नाही.

दादा जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांची लाकडाची वखार तेव्हापासून बंद. ती पुन्हा सुरू करायचं त्यांच्या थोरल्या मुलाने ठरवलं, आणि पहिला ओंडका घरच्यांसमोर, दादांची आठवण काढून कापायचा असंही ठरवलं. म्हणून त्या दुपारी सगळे जमले: थोरल्याची बायको, बहीण आक्का, दादांचे जुने मिस्त्री, आणि थोरल्याची लेक भिंगरी, जी नावाप्रमाणेच फळ्यांच्या थप्प्यांमधून गरगर पळत होती.

आत कोंदट होतं. भुशाचा आणि जुन्या ग्रीसचा वास. मधोमध आरा उभा. दोन मोठ्या चाकांवरून फिरणारं दातेरी पातं. वरचं चाक छताजवळ, खालचं जमिनीतल्या खड्ड्यात.

दादांच्या उजव्या हाताची दोन बोटं या आऱ्यानेच खाल्ली होती. उरलेल्या तीन बोटांनी ते नातीची वेणी घालायचे, आणि काय सुरेख घालायचे! “आईला नाही जमत अशी,” भिंगरी म्हणायची, आणि तिची आई लटकंच रागवायची. एवढा मऊ माणूस, पण वखारीत त्यांचा कायदा कडक. बटण दाबण्याआधी ते ओरडायचे, “हात!” की प्रत्येकाने दोन्ही हात डोक्यावर धरायचे. सगळ्यांचे हात दिसले तरी दादा शेवटी एकदा खड्ड्याकडे बघायचे, हलकेच मान डोलवायचे आणि मगच बटण दाबायचे. खड्ड्यात कोण असणार, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “बघायला काय जातंय?” आणि ज्याचे हात वर नसतील त्याच्या कानाखाली आवाज निघायचा. थोरल्यानेही लहानपणी एक थप्पड खाल्ली होती.

“तुला मारून स्वतःच रडत बसले होते माळ्यावर,” आक्का म्हणाली. “जेवलेसुद्धा नाहीत.”

“पण मारली होती सणसणीत हं,” थोरला हसला. फार जीव होता त्याचा बापावर. वर्षभर त्याला एकच गोष्ट खात होती: माझ्या हातात वखार गेलेली दादांना चालेल ना?

मिस्त्रींनी ओंडका लावला. थोरला बटणापाशी गेला आणि हुबेहूब बापाच्या आवाजात ओरडला, “हात!”

हात वर झाले. कुणी हसलं, कुणाला हुंदका आला. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी. हात वर आहेत एवढंच त्याला दिसलं, कुणाचे आहेत ते दिसलं नाही. खड्ड्याकडे तर त्याने पाहिलंच नाही. त्याने बटणाकडे बोट नेलं.

खाडकन त्याच्या कानाखाली बसली.

जवळ कुणीही नव्हतं. थोरला कोलमडून ओंडक्यावर आपटला. तोंडातून रक्त आलं, आणि रक्ताबरोबर एक दात.

“अहो!” बायको किंचाळली.

“त्याचा गाल बघा...” आक्का पुटपुटली. “दादा...?”

गालावर बोटांचे वळ उठले होते. तीनच.

घाबरायचं सोडून थोरला चवताळला. “मी नको का तुम्हाला?” तो रिकाम्या हवेवर ओरडला. “वर्षभर झुरलोय तुमच्यासाठी! मीच चालवणार वखार!” उठला आणि त्याने बटणावर मूठ हाणली.

आरा गरजला. त्याच क्षणी कशाने तरी त्याचं मनगट पकडलं आणि ओली फांदी पिरगाळावी तसं पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज त्या गोंगाटातही सगळ्यांनी ऐकला. मग तिघांनी ढकलल्याशिवाय न हलणारा तो ओंडका आपोआप उचलला गेला आणि पात्यावर आदळला. पातं तुटलं. फटकारे मारत आक्काचा खांदा फाडून गेलं आणि मिस्त्रींच्या डोक्याशेजारच्या खांबात घुसून थरथरत राहिलं. भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. मिस्त्रींनी धडपडत मेन स्विच खाली ओढला.

चाकं घरघरत थांबली. आणि मग खड्ड्यातून रडणं ऐकू आलं.

“भिंगरी!”

थोरला खड्ड्याच्या कडेला पालथा पडला. धड असलेल्या हाताने त्याने चाकाशेजारून लेकीला वर ओढलं आणि छातीशी धरलं. दादा का मारत होते ते आता त्याला कळलं. “चुकलो हो दादा, चुकलो...” तो ओक्साबोक्शी रडायला लागला. तिला मात्र ओरखडाही नव्हता.

“तिथे कशाला गेलीस गं?” आईने तिचे गाल चाचपत विचारलं.

“मला बोलावलं...”

“आजोबांनी?”

“नाही.” भिंगरीला हुंदके आवरत नव्हते. “आजोबा वरून ओरडत होते, वर ये, वर ये... पण त्याने माझा पाय सोडलाच नाही.”

“त्याने? कुणी?”

भिंगरीने खाली बोट दाखवलं. खड्ड्यात काळोख होता. आत आणखी कुणी राहिलंय की काय... मिस्त्रींना दुसरं काही सुचेना. आयुष्यभराची सवय. त्यांनी कापऱ्या आवाजात हाक दिली.

“हात...”

सगळ्यांनी हात वर केले. आक्काने एक, थोरल्याने एक, भिंगरीने तिचे दोन्ही.

आणि खड्ड्यातला भुसा ढवळत आणखी दोन हात हळूच वर आले. दहाही बोटं शाबूत होती.