मूठभर बर्फाची साक्ष

किण्.

एवढाच आवाज झाला. तोकुजिरो आजोबांनी गाडीची किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि तिला बांधलेली देवळातली चिमुकली घंटी वाजली. वाट्यांमधलं मिसो सूप निवून गेलं होतं.

मासानोरीकाकांनी किल्ली आपल्याकडे ओढून घेतली. "बरं झालं. सोमवारी पोलीस ठाण्यात जाऊन लायसन्स परत करू. मी रजा टाकलीय."

इओरीने हातातली वाटी खाली ठेवली. ती बारा वर्षांची. वसंताच्या सुट्टीत ती आणि तिचा सहा वर्षांचा भाऊ मिनोरु दरवर्षी आजोबांच्या या डोंगरातल्या गावी यायचे. आजोबांनी एक्केचाळीस वर्षं शाळेची बस चालवली होती. घाटातून, बर्फातून, पण एकाही पोराच्या डब्यातलं लोणचं कधी सांडू दिलं नव्हतं. आणि आता त्यांची जुनी पांढरी गाडी वळणावरच्या आरशाच्या खांबाला घासली होती. एकदा नव्हे, दोनदा.

गॅरेजवाले हिराकुबो गाडी पाहून गेले होते. पाहून गेले म्हणजे काय, तर गाडीच्या पाठीवरचं, म्हाताऱ्या चालकांनी लावायचं ते रंगीत पानाचं स्टिकर त्यांनी पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि हळहळले. मग शेजारीपाजारी हळहळले. सगळ्यांचं हळहळून झाल्यावर काकांनी लायसन्स परत करायचा अर्ज आणला.

"आजोबा, गाडी डावीकडे ओढते असं तुम्हीच म्हणाला होतात ना?" इओरीने विचारलं.

"माझा हातच ओढत असेल, पोरी. अठ्ठ्याहत्तर झाली."

हेच तिला सोसलं नाही. काकांचं एक वेळ जाऊ दे, पण आजोबांनीही ते खरं मानलं होतं! दर बुधवारी गल्लीतल्या तीन म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणारा माणूस आता त्यांच्यासारखाच खिडकीशी बसून राहणार. गावाची बस तर दोन वर्षांपूर्वीच बंद झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गल्ली जॅकवर चढली होती. हिवाळा सरला की इथे घरोघरी हेच चालतं. बर्फाचे टायर काढायचे, साधे चढवायचे. भंगारात जाणाऱ्या गाडीला टायर कशाला बदलायचे, असं म्हणून काका आपल्या नव्या गाडीकडे वळले.

"सोमवारपर्यंत ती आजोबांचीच आहे," इओरी म्हणाली. "आम्ही बदलणार."

आम्ही म्हणजे ती, मिनोरु आणि काकांचा मुलगा शुहेइ. शुहेइ अकरा वर्षांचा, अंगाने काडी, पण तोंडाने तोफ. आजोबा सफरचंदांच्या रिकाम्या खोक्यावर बसून नुसते सांगत होते. आधी मागच्या चाकाला ठोकळा लाव. नट जमिनीवरच सैल कर, मग उचल. गाडीखाली हात घालायचा नाही. शुहेइने पान्यावर उभं राहून नट सैल केले. मिनोरुचं काम दरवर्षीचंच होतं. उचललेलं चाक गरगर फिरवायचं आणि फेऱ्या मोजायच्या.

पुढचं उजवं चाक तीन फेऱ्या फिरलं. पुढच्या डाव्याला त्याने जोर लावला, तर ते जागचं हललंच नाही.

"भात कमी खाल्लास," शुहेइ म्हणाला आणि स्वतः चाकाला लोंबकळला. चेहरा लालबुंद झाला, चाक तसंच.

"हँडब्रेक लावलाय म्हणून असेल," इओरी म्हणाली.

"हँडब्रेक मागची चाकं धरतो गं, शहाणे."

इओरी वाकली. बाकीच्या चाकांवर नुसता चिखल होता. यावर मात्र काळी भुकटी साचली होती आणि विस्तवावर राहिलेल्या पातेल्यासारखा करपट वास येत होता. ती काकांकडे धावली. काकांनी मान वर न करता सांगितलं की जुन्या गाड्या गंजतातच, म्हणून तर त्या भंगारात जातात.

चाकाकडे बघायला कुणीच तयार नव्हतं. त्या पानाकडे बघून सगळ्यांचं बघून झालं होतं!

चाकं चढवून झाल्यावर इओरी गल्लीच्या मधोमध उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, या गाडीतून तुम्ही देवळापर्यंत जाऊन या. सरळ आलात तर सोमवारी किल्ली मी स्वतः नेऊन देईन. पण हळू चालवा, आणि त्या वळणावर जपा."

"त्यांना नाही जमायचं," शुहेइने पुस्ती जोडली. "बाबांना नव्याच गाड्यांची सवय."

शेजारी नट आवळायचे पाने खाली ठेवून बघू लागले. आता माघार कशी घ्यायची? काका तणतणत बसले आणि निघाले.

दहा मिनिटांनी पांढरी गाडी परत येताना दिसली. वळणावर तिचं नाक डावीकडे झुकू लागलं. काकांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरलं होतं, खांदे कानांना टेकले होते. आरशाच्या खांबापासून वीतभर अंतरावर ते कसेबसे थांबले.

"बाबा," शुहेइ गोड आवाजात म्हणाला, "सोमवारी तुमचंही लायसन्स न्यायचं का?"

गल्ली खो खो हसली. काका उतरून रस्त्याच्या उताराबद्दल काहीतरी पुटपुटले.

"चाकाला हात लावू नकोस रे, तापलं असेल," इओरीने मिनोरुला बजावलं. "बर्फ आण."

कुंपणाच्या सावलीत हिवाळ्याचा शेवटचा ढीग उरला होता. मिनोरु ओंजळ भरभरून आणत गेला आणि इओरी एकेका चाकाच्या मधोमध बर्फ थापत गेली. मागच्या दोन्ही चाकांवर तो तसाच बसून राहिला. पुढच्या उजव्यावरून सावकाश ओघळला.

पुढच्या डाव्यावर चर्र झालं आणि पांढरी वाफ काकांच्या तोंडावर आली.

खोक्यावरून आजोबा उठले. त्यांनी आधी वाफेकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही हातांकडे. मग बाह्या सारल्या. "शुहेइ, माझी लाल पेटी आण. आणि हिराकुबोला फोन लाव. म्हणावं, या वेळी चाक बघायला ये."

चाक निवल्यावर आजोबांनी ते काढलं आणि मुलांना जवळ बोलावलं. "हा कॅलिपर. चिमटाच म्हणा. पायाने ब्रेक दाबला की फिरती तबकडी दोन्ही बाजूंनी धरतो, पाय काढला की सोडतो. याने सोडलेलंच नाही."

त्यांनी कॅलिपर उकलला. आतला दट्ट्या दाबल्यावर निमूट मागे गेला, म्हणजे तो निर्दोष. चिमटा ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली वरची सहज हलली. खालची हलेना. तिचं रबरी टोपण फाटलं होतं आणि रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकतात ते मीठ आत जाऊन पिन गंजाने जाम झाली होती. आतल्या बाजूचा ब्रेक पॅड झिजून पुठ्ठ्याएवढा उरला होता.

हिराकुबो नवे पॅड आणि रबरं घेऊन आले. पिनेवर तेल सोडून आजोबा अर्धा तास ती मागेपुढे पिळत राहिले. घाई केली तर तुटेल, म्हणाले. शेवटी गंजाचा लाल चिखल ओकत पिन बाहेर आली. ती घासली, भोक साफ केलं, खास ग्रीस लावलं. पॅड मात्र पुढच्या दोन्ही चाकांना नवे बसवले. ब्रेकला डावं-उजवं करून चालत नाही. हिराकुबोंनी प्रत्येक नट पुन्हा तपासला, मग माफी मागायला आजोबांसमोर कमरेत वाकले. वर यायला त्यांना वेळ लागला.

मिनोरुने डावं चाक फिरवलं. तीन फेऱ्या!

काकांनी किल्ली दोन्ही हातांनी पुढे केली. मग त्यांनी मान झुकवली. पलीकडच्या म्हाताऱ्या बाईंनी कुंपणावरूनच विचारून घेतलं की बुधवार नक्की ना.

"नक्की," आजोबा म्हणाले आणि इओरीकडे वळले. "एक्केचाळीस वर्षांत माझ्या बसमध्ये इतकं हट्टी पोर चढलं नव्हतं. तू होतीस म्हणून, पोरी. मी तर मानून बसलो होतो."

संध्याकाळी ते तिघांना घेऊन देवळापर्यंत निघाले. वळण आलं. गाडी रेघ ओढल्यासारखी सरळ गेली, आरशाचा खांब लांबच राहिला, किल्लीची घंटी किणकिणली. आजोबा बारीक आवाजात शीळ घालत होते.

मागच्या सीटवर मिनोरु इओरीला बिलगून बसला होता. सकाळच्या बर्फाने लाल झालेली त्याची बोटं तिने आपल्या हातात धरली होती. तो आजोबांच्या पांढऱ्या केसांकडे बघत होता. मग तिच्या कानाशी आला.

"ताई, चाकाचं आपल्याला बर्फाने कळलं. पण आजोबा खरंच म्हातारे होतील, ते कशाने कळणार?"