दिवा लागतो, पण गाडा हलत नाही

कंट्रोलरचा हिरवा दिवा छान लागला होता आणि पडद्यावर तितकंच छान लिहून आलं होतं : ‘कंट्रोलर जोडलेला नाही.’ दोघांपैकी एकजण नक्की थापा मारत होता, आणि शाल्मलीकडे त्याला पकडायला फारसा वेळ नव्हता.

तिची आत्या चंद्रावरच्या एका विवरात (उल्का आदळून पडलेल्या खोल खड्ड्यात) अडकली होती. तिची बग्गी (चंद्रावर फिरायची छोटी गाडी) नेमकी सावलीत बंद पडली होती, आणि चंद्रावरची सावली म्हणजे हाडं गोठवणारी थंडी. बग्गीतल्या हीटरची बॅटरी उतरत चालली होती. चंद्रावरच्या त्यांच्या वस्तीतली बाकीची मंडळी पलीकडच्या खाणीवर. ती येईपर्यंत उशीर झाला असता.

विवराच्या काठावर ओढगाडा (अडकलेली वाहनं ओढणारा ट्रॅक्टर) उभा होता. त्याचा दोर आत्याने उतरतानाच बग्गीला बांधून ठेवला होता. पण गाडा चालवायचा वस्तीत बसून, व्हिडिओ गेमच्या जुन्या कंट्रोलरने. खास सुकाणू बनवायला एक समिती नेमली होती. ती अजून सुकाणूच्या रंगावरून भांडत होती.

“शाले, झालं का गं?” रेडिओवर आत्या म्हणाली. “माझ्या नाकाची कुल्फी झालीये. वेलची घातली की वाढता येईल.”

“किती पानं मांडू?” वाढप्याने विचारलं. वाढप्या हा वस्तीतला जेवण वाढणारा रोबो. विनोद त्याच्या कामात बसत नव्हते.

शाल्मलीने केबल काढून परत लावली. पुन्हा काढली, पुन्हा लावली. मग कंट्रोलर टेबलावर आपटला.

“आपटल्यावर काय कळलं, ताई?” वाढप्याने विचारलं.

“काही नाही!”

“मग मी आपटत नाही.”

“आत्या, दिवा लागतोय, पण पडदा म्हणतो कंट्रोलर जोडलेलाच नाही!”

“मग निम्मं कोडं सुटलं की. या जुन्या यूएसबी केबलीत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन बोलायच्या. कुठलं बटण दाबलं ती बातमी बोलायच्या तारांतून जाते. दिवा लागला, याचा अर्थ?”

“वीज पोचतेय... बोलणं पोचत नाहीये!”

“शाब्बास. कुठे अडलंय ते शोध.”

वाढप्याने पोटातून स्वतःची केबल उपसून दिली. “ही घ्या. मी रोज हिच्यावरच जेवतो.”

शाल्मलीने ती लावली. दिवा लागला. पडद्याचं पालुपद तेच.

“म्हणजे केबल ठीक आहे, कंट्रोलरच मेलाय!” दुसरा कंट्रोलर वस्तीत नव्हता.

रेडिओ बराच वेळ नुसता खरखरला. मग आत्याचा आवाज आला, तुटक तुटक. “वाढप्याची केबल... चांगली आहे... कशावरून?”

आत्याने विनोद करणं थांबवलं होतं. शाल्मलीला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली.

ती विचार करू लागली. आपण ज्याची खात्री नाही त्याच्याकडून दुसऱ्याची परीक्षा घेतली! मग चांगलं चालणारं काय आहे? खिडकीवरचा कॅमेरा. त्यालाही तसलीच केबल लागायची. तिने कॅमेरा आणला आणि वाढप्याच्या केबलीने संगणकाच्या त्याच पोर्टात (केबलचं टोक बसतं त्या खाचेत) जोडला, जिथे कंट्रोलर जोडला होता. कॅमेऱ्याचा दिवा लागला, पण चित्र नाही. मग फक्त केबल बदलली आणि कंट्रोलरची जुनी केबल लावली. चित्र आलं!

“वाढप्या, तुझ्या केबलीत बोलायच्या तारा नाहीतच! ती नुसती चार्जिंगची आहे.”

“मी जेवताना बोलत नाही,” वाढप्या म्हणाला.

जुनी केबल निर्दोष. संगणकाचं पोर्ट निर्दोष. उरला कंट्रोलर. शाल्मलीने त्याच्या पोर्टात टॉर्च मारला. आत धातूच्या बारीक पट्ट्या होत्या. कडेच्या दोन लखलखीत, आणि मधल्या, बोलायच्या, पट्ट्यांवर लाल खपली.

“आत्या, आत लाल काहीतरी वाळलंय!”

“...कुंकू,” आत्या पुटपुटली. “खंडेनवमीला... यंत्रांची पूजा. मीच लावलं. ओलं. भरपूर.”

“मलाही लावलं होतं,” वाढप्या म्हणाला. “माझ्या एका डोळ्याला अजून सगळीकडे टोमॅटो दिसतात.”

धातूला धातू टेकला तरच बातमी पुढे जाते. मध्ये खपली आली की संभाषण संपलं. शाल्मलीने आधी केबल काढली, कारण वीज चालू असताना आत काही घालायचं नाही. मग टाचणी बाजूला ठेवून लाकडी दातकोरणी घेतली. टाचणीने पट्ट्या वाकल्या असत्या. खपली अलगद सुटली. उरलेली लाली तिने स्पिरिटच्या बोळ्याने पुसली.

“फुंकर मारू, म्हणजे लवकर वाळेल?”

“तुमच्या फुंकरीत थुंकी असते,” वाढप्या म्हणाला.

म्हणून ती थांबली. स्पिरिट उडून जाईपर्यंत थांबण्याइतकं कठीण काम तिने आजवर केलं नव्हतं. रेडिओ गप्प होता.

तिने केबल लावली.

‘कंट्रोलर जोडला.’

शाल्मलीने कंट्रोलरची दांडी अगदी केसभर पुढे ढकलली. हिसका बसला तर दोर तुटेल! गाड्याची चाकं धुळीत फिरली, दोर ताणला, थरथरला... आणि विवराच्या काळोखातून बग्गीचं नाक वर आलं. मग काच. मग पुढची चाकं.

“ऊन!” रेडिओवर आत्या ओरडली. “शाले, ऊन आलं गं माझ्या मांडीवर!”

आत्या वस्तीत आली तेव्हा तिचे ओठ निळे होते. शाल्मलीने तिला इतकी घट्ट मिठी मारली, की वाढप्याला कढीची वाटी दोघींच्या मध्ये सरकवायला फट मिळेना.

दोन वाट्या कढी झाल्यावर आत्या उठली. “आता ही बग्गी का रुसली ते बघू. बॅटरी, तारा की मोटर?”

“आधी गाड्याची चालू बॅटरी हिला लावून बघू,” शाल्मली म्हणाली. “बाकी कश्शाला हात लावायचा नाही.”

आत्याने पान्हा उचलला.

“बरं, बाई. मी हात चालवते. तू सांग.”